मूठ टेकली पाहिजे

इंदू भोईरच्या हातून काठी पडली नव्हती. ती तिच्या हातात पोचलीच नव्हती.

एवढं लिहायला मला अर्धं आयुष्य लागलं. गेल्या महिन्यात ठाण्यातल्या एका शाळेच्या क्रीडा समारंभाला गेले होते. पाहुणे मुलांना सांगत होते, "आपल्या बाळकुमची इंदू भोईर! पहिल्या खेपेला ऐन निवडीच्या दिवशी रिलेची काठी तिच्या हातून पडली. संघातून नाव गेलं. पण ती खचली का?" मुलं एका सुरात ओरडली, "नाही!" टाळ्या झाल्या. तिसऱ्या रांगेत बसून मीही वाजवल्या.

इंदू तिथे नव्हती. ती हल्ली भोपाळला लेकीकडे असते, गुडघ्यांनी दगा दिलाय म्हणते. असती तर हसली असती आणि विषय बदलला असता. मी मात्र घरी आले आणि मला जेवण गेलं नाही. तिच्या नावावरची ती पडलेली काठी आता पोरांना धडा म्हणून शिकवतात, हे काही केल्या सोसेना. म्हणून इंदूविषयी लिहायला बसले आहे. माझ्याविषयी सांगण्यासारखं त्यात थोडंच आहे. ते जिथे येईल तिथे लपवणार नाही.

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती. मी कल्याणची, पारनाक्यावर आमचं घर. शाळेत लंगडी आणि धावण्यात पुढे असायचे, म्हणून गुप्ते सरांनी मला जिल्ह्याच्या मुलींत घेतलं. गुप्ते सर ठाण्याच्या एका शाळेत कवायत शिकवत. मोठ्या लढाईत ते फौजेत होते आणि तिथून एक शिट्टी आणि एक खोकला एवढंच घेऊन परत आले होते. माझे वडील त्यांचे वर्गमित्र, म्हणून मला परवानगी मिळाली. अट एकच होती, ती वडिलांनी आईकरवी कळवली: घरात अडचण असेल त्या दिवशी मैदानावर जायचं नाही. अडचण म्हणजे काय ते आमच्या पिढीच्या बायकांना सांगावं लागत नाही. तीन दिवस बाजूला, माजघराच्या कोपऱ्यात, कुणाला शिवायचं नाही.

ठाण्याच्या मैदानावर पहिल्या रविवारी मी इंदूला पाहिलं ते पाठमोरी. एक काळीसावळी, काटकुळी मुलगी उकिडवी बसून चक्क स्वयंपाकघरातल्या उलथण्यानं जमीन उकरत होती. तेव्हा सुटताना पाय रोवायला लाकडी ठोकळे नव्हते. ज्यानं त्यानं आपापले दोन खड्डे खणायचे. सर सगळ्यांना एक खुरपी देत आणि ती हातोहात फिरे. इंदूला थांबायला वेळ नसे. तिनं आईचं लोखंडी उलथणं आणलं होतं.

"हे काय गं?" मी विचारलं.

"आयचं हाय. दुपारच्या आत परत न्यायचं, नायतर ती माझीच भाकरी करून उलथील."

आणि शर्यत संपली की सगळ्या मुली पाण्याच्या माठाकडे धावत, तेव्हा ही उलटी सुटण्याच्या रेषेकडे जायची. आपले खड्डे बुजवायची. मग शेजारच्या मुलीचे. मग तिच्या शेजारचीचे. उलथण्याच्या पाठीनं माती थापून सारखी करायची. मी एकदा म्हटलं, "अगं, माळी आहे ना मैदानाला." ती म्हणाली, "माळी यायच्या आधी कुनाचा पाय गेला त्यात तर?" तिला यात काही मोठं वाटत नव्हतं. मला तेव्हा तो वेळेचा अपव्यय वाटायचा.

बाळकुम तेव्हा खाडीकाठचं गाव होतं. घोडबंदरच्या रस्त्याला दिवसाकाठी एखाददुसरी मोटार आणि बाकी झाडी. इंदूचे आईवडील मिठागरावर कामाला. मीठ धरू लागलं की त्या उथळ वाफ्यांवर दुधावरच्या सायीसारखा पापुद्रा येतो. लहानपणी बांधाबांधानं पळताना वाफ्यात पाय पडला की पापुद्रा मोडे आणि पाठीत धपाटा बसे. इंदू म्हणायची की ती पळायला शिकली ती धपाट्यांच्या भीतीनं. ते खरं असावं. तिचं पाऊल पडल्याचा आवाज येत नसे. आणि माझ्या पावलांचा धप्धप् आवाज ऐकून ती मागून ओरडे, "मीठ मोडतंस गो तू, कुमू! मीठ मोडतंस!" पुढे ते आमचं वाक्यच झालं. कुणी घिसाडघाई केली, कुणी उगाच मोठ्यानं बोललं, की आम्ही एकमेकींकडे बघून म्हणायचो, मीठ मोडलं.

ती वहाणा घालून पळत नसे. पुढे राज्याच्या संघानं खिळ्यांचे बूट दिले तेव्हा ते तिनं नाडीला नाडी बांधून गळ्यात अडकवले आणि ठाण्याहून बाळकुमपर्यंत अनवाणी गेली. "एवढे महागाचे, रस्त्यावर कशाला झिजवू?" असं तिचं म्हणणं.

तिच्या कपड्यांवरून मात्र गावात मोठा गहजब झाला. सर म्हणाले, परकर चालणार नाही, चड्डी शिवा. आमच्या घरी आईनं गुडघ्याखाली येणारी, फुगा झालेली तुमान शिवून प्रश्न मिटवला; तीत मी कंदिलासारखी दिसे. इंदूनं सरळ भावाची चड्डी घातली. गावातली चार वडीलधारी मंडळी तिच्या अंगणात आली. ही हकीकत मी इंदूच्याच तोंडून ऐकली आहे आणि ती सांगताना ती चौघांचे चार आवाज काढायची. पोर उघड्या पायांनी परगावच्या पुरुषांपुढे पळते, गावाची अब्रू जाते, वगैरे बोलून झालं. तिचे वडील बराच वेळ जाळ्याचा फाटका भाग शिवत बसले होते. मग मान वर न करता म्हणाले, "मिठागरात आपल्या बाया गुडघ्याच्या वर लुगडं खोचून दिवसभर राबतात. तवा कुनाची अब्रू जात नाय. माझी पोर घटकाभर धावली त लगेच जाते?"

मंडळी चहा न घेताच गेली. "चा वाचला," इंदू म्हणायची, "मी दोन कप प्याले."

रिलेचा संघ चौघींचा. पहिली मोहिनी, निर्वासितांच्या कल्याण कॅम्पातली सिंधी मुलगी, दुसरी ठाण्याची लीला, तिसरी मी, चौथी इंदू. सरांकडे द्यायला काठी नव्हती. "बॅटन येईल तेव्हा येईल, तोवर हाताला वळण लागू दे," असं म्हणून त्यांनी हवेतच हात द्यायला-घ्यायला लावले. ते बघून आजूबाजूची मुलं फिदीफिदी हसत. तेव्हा मी घरून लाटणं पळवलं. आईनं दोन दिवस बाटलीनं पोळ्या लाटल्या आणि मोलकरणीवर संशय घेतला. सरांनी त्याच्या दोन्ही टोकांच्या मुठी करवतीनं उडवल्या. पुढे खरी बॅटन आली, रंगवलेली, गुळगुळीत. पण आम्ही तिला लाटणंच म्हणायचो.

रिलेत सगळं त्या देण्याघेण्यात असतं. घेणारीनं मागे बघायचं नाही. जमिनीवर एक खूण केलेली असते, देणारी त्या खुणेवर आली की घेणारीनं जीव खाऊन सुटायचं आणि मागून "घे!" ऐकू आलं की उजवा हात मागे, तळवा उघडा. इंदू खूण करायला घरून कागदाच्या पुडीत खडं मीठ आणायची. पांढरी रेघ लख्ख दिसायची.

आणि देणारीसाठी सरांचा एकच नियम होता. खोकत खोकत ते तो रोज सांगत: "नुसती काठी लागून भागत नाही. तुमची मूठ तिच्या हाताला टेकली पाहिजे. मूठ टेकली नाही तोवर दिलं असं समजायचं नाही."

आमची मूठ टेकायची. इतकी वर्षं लोटली तरी तिच्या तळव्याचा खरखरीतपणा माझ्या बोटांच्या सांध्यांना आठवतो. मिठानं तिच्या हाताला बारीक चिरा पडलेल्या असत.

एकदा ती कल्याणला आमच्या घरी आली होती. आईनं तिला चहा दिला, तो देवळीत वेगळ्या ठेवलेल्या कान तुटक्या कपातून. इंदूनं तो चवीनं प्यायला, कप विसळला आणि जिथून काढला होता तिथेच पालथा ठेवला. परत जाताना वाटेत म्हणाली, "तुझी आय चा छान करते." बस्स. मी तिच्याबरोबर वेशीपर्यंत चालत गेले, पण तोंडातून शब्द फुटला नाही. गप्प बसायची मला तेव्हापासूनच सवय.

निवडीचा दिवस आला तो चार-पाच वर्षांनी. तोवर इंदू जिल्ह्यात पहिली, राज्यात दुसरी-तिसरी येऊ लागली होती. मुंबईत चाचणी होती. तिच्यातून मुली शिबिराला जाणार आणि शिबिरातून थेट परदेशी, मोठ्या स्पर्धेला. एकटीच्या शर्यतीत दोन मुली इंदूच्या पुढे होत्या हे सगळ्यांना ठाऊक होतं. सर स्पष्ट म्हणाले, "तुझा दरवाजा रिलेचा आहे. शेवटच्या टप्प्यात तू किती मुलींना मागे टाकतेस ते त्यांना बघू दे."

आदल्या संध्याकाळी मला अडचण आली.

हे वाक्य मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. आईला सांगितलं असतं तर मी कोपऱ्यात बसले असते, आमचा संघ तिघींचा झाला असता आणि इंदूचा दरवाजा उघडायच्या आतच बंद. मी सांगितलं नाही. कपडे घड्या करून पिशवीत भरले आणि पहाटे निघाले. वाटलं, मी केवढं धाडस करते आहे, आणि तेही इंदूसाठी.

ठाण्याला इंदूची आई आम्हाला सोडायला आली होती. ती कार्ल्याच्या एकवीरेला जाऊन आली होती, मुलीसाठी नवस बोलून. इंदूच्या उजव्या मनगटावर तिनं देवीचा लाल दोरा बांधला. मग पदरातून प्रसादाचं खोबरं काढून एकेकीच्या हातावर ठेवू लागली. मोहिनीनं घेतलं, लीलानं घेतलं. माझ्यापाशी आली तशी मी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"घे ना बाय."

"नको, माझा दात दुखतोय."

"देवीचं हाय गो. चाटून ठेव नुसतं."

"खरंच नको."

"मना द्या तिचं," इंदू म्हणाली आणि माझ्या वाटणीचं खोबरं तिनं खाऊन टाकलं.

दुपारी आमची शर्यत लागली. मोहिनी चांगली पळाली, लीला त्याहून चांगली. माझ्या हातात काठी आली तेव्हा आम्ही दुसऱ्या होतो. वळणावर मी पुढच्या मुलीला गाठलं. मिठाची रेघ दिसली. मी रेघेवर आले आणि इंदू सुटली, बरोबर, केसभरही आधी नाही, केसभरही उशिरा नाही. मी ओरडले, "घे!" तिचा हात मागे आला. तळवा उघडा. आणि मनगटावर तो लाल दोरा.

आमच्या घरात तिच्या हाताचं चालत नव्हतं. आणि त्या क्षणी मला वाटलं, माझ्या हाताचं तिच्या देवीला चालणार नाही.

वाटलं म्हणजे विचार केला असं नाही. विचाराला तिथे जागाच नसते. लहानपणापासून अंगात मुरलेली गोष्ट हातानं परस्पर केली. मूठ टेकायच्या आधी माझी बोटं सुटली. काठीचं टोक तिच्या बोटांना लागलं, न लागलं, आणि ती जमिनीवर टणकन वाजली.

इंदू वळली, वाकली, काठी उचलली आणि पळाली. बाकीच्या मुली तोवर शर्यत संपवून पाणी पीत होत्या. ती एकटी त्या रिकाम्या पट्टीवरून शेवटपर्यंत पळत गेली, जणू कुणी शेजारी आहे अशी. शेवटच्या रेषेवरची दोरी केव्हाच तुटलेली होती.

झाडाखाली सरांनी आम्हाला उभं केलं. त्यांचे ओठ पांढरेफटक पडले होते. "कुणाची चूक?"

मी तोंड उघडलं. पण काय सांगणार? गुप्ते सरांना? वडिलांच्या वर्गमित्राला? कोणत्या शब्दांत? शब्द होता तो फक्त माजघरात बोलायचा होता.

"माझी, सर," इंदू म्हणाली. "मी आधी सुटले."

"इंदे, इंदे! हजार वेळा सांगितलं तुला!"

"हो सर."



संध्याकाळी नावं वाचली. तिचं नव्हतं. निवड करणाऱ्यांपैकी एक गृहस्थ सरांना म्हणाले, "मुलीला वेग आहे हो, पण हातात काठी टिकत नाही." ते मी ऐकलं. इंदूला शोधायला गेले. ती दूर, शंभर मीटरच्या सुटण्याच्या रेषेवर उकिडवी बसून सकाळच्या शर्यतीचे खड्डे बुजवत होती. तिची पाठ हलत होती. मी जवळ गेले नाही.

पुढची संधी यायला चार वर्षं लागणार होती. पळणाऱ्या मुलीच्या आयुष्यात अशी चार वर्षं असतात तरी किती? मी मॅट्रिक झाले, मैदान सोडलं. सरांना म्हटलं, घरून नको म्हणतात. घरून कुणी काही म्हटलं नव्हतं. सोडण्याआधी काही रविवार जाऊन बसायची तेवढी. सर इंदूला उशिरा सुटायला शिकवत होते. तिची मिठाची रेघ ते पायानं पुसून अलीकडे, तिच्या जवळ ओढत, म्हणजे ती घाई करणार नाही. आणि सर पाठमोरे झाले की इंदू गुपचूप ती रेघ मूळ जागी नेऊन ठेवी. मी ते पाहिलं होतं. पाहूनही मला त्याचा अर्थ लागला नाही. किंवा मी लावून घेतला नाही.

ती थांबली नाही. दिवसा मिठागर, संध्याकाळी मैदान. मग रेल्वेत तिला नोकरी लागली आणि पहिल्यांदा तिच्या पोटात रोज दूध जाऊ लागलं. ती राज्यात पहिली आली, मग देशात. रिलेत तिच्याकडे पुन्हा शेवटचा टप्पा आला. पुन्हा चाचणी झाली. काठी टिकली. परदेशी जाणाऱ्या संघात तिचं नाव आलं.

तिथे काय झालं ते पुष्कळांना माहीत आहे. एकटीच्या शर्यतीत ती पहिल्या फेरीतच बाद झाली. रिलेत शेवटच्या टप्प्याला काठी मिळाली तेव्हा आपण पाचव्या होतो, आणि ती तिसरी आली. कांस्यपदक बाळकुमच्या देव्हाऱ्यात बरेच दिवस एकवीरेच्या तसबिरीला टेकवून ठेवलेलं होतं. पण इंदूला त्या प्रवासातली आठवण विचारा, ती पदकाचं सांगणार नाही. ती सांगेल की तिथलं जेवण अळणी, म्हणून एके रात्री तिनं बरोबर नेलेले सुके बोंबील मुलींच्या वसतिगृहात परतले. वासानं सगळा मजला जागा झाला. एक अधिकारी बाई नाक धरून आल्या आणि दुसऱ्या देशाच्या दोन मुली ताटली घेऊन आल्या. "त्या दोघी आमच्याच शर्यतीत होत्या," ती सांगते. "त्या दुसऱ्या आल्या आनि आमी तिसऱ्या. उगाच खाऊ घातलं!"

बोंबील परतले ते त्याच उलथण्यानं. तिथे सुटायला लाकडी ठोकळे होते, खड्डे खणायची गरजच नव्हती. पण उलथणं तिनं नेलं होतं.

ते मला ठाऊक आहे, कारण ते पिशवीत जाताना मी पाहिलं.

मी तेव्हा डोंबिवलीला सासरी होते. बाजारात मोहिनी भेटली. म्हणाली, "इंदू उद्या सकाळी निघते. तुला कळलं नाही?" मला कुणी कळवलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलं नव्हतं. त्याच रात्री मी बाजूला झाले. सकाळी मागच्या पडवीतून सासूबाईंना हाक मारली.

"मला बाळकुमला जायचंय. मैत्रीण परदेशी चाललीय."

"आज? या दिवसांत?" सासूबाई दारातून म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या, फक्त घाबरत. "लांबून बघून ये बाई. कुणाला शिवू नको म्हणजे झालं."

बाळकुमला पोचले तेव्हा इंदूच्या अंगणात माणसं मावत नव्हती. चार वडीलधारे या खेपेला पहिल्या रांगेत होते आणि चहाही घेत होते. गुप्ते सर खांबाला टेकून खोकत होते. संघाचा निळा कोट इंदूला दोन्ही खांद्यांवरून सैल होता; तिनं बाह्या दुमडल्या होत्या. मी कुंपणापाशीच उभी राहिले. तिनं पाहिलं आणि गर्दीतून वाट काढत आली.

"अगो कुमू! जाडी झालीस!"

"तू नाही झालीस."

तेवढ्यात तिची आई लाल दोरा घेऊन आली. कार्ल्याला जाऊन आली होती पुन्हा. पण आनंदानं म्हातारीचे हात असे कापत होते की गाठ बसेना. दोनदा सुटली. इंदूनं दोरा तिच्या हातून घेतला आणि माझ्यापुढे धरला.

"कुमू, तू बांध."

मी दोन पावलं मागे सरले. हात पाठीमागे गेले. "नको. मी नको."

"का गो?"

अंगणभर माणसं होती. मी तिच्या कानाशी वाकले. "इंदू, मी बाजूला आहे."

ती हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली, आणि मग तितक्याच हळू म्हणाली, "त्या दिशी पन व्हतीस ना?"

"तुला ठाऊक होतं?"

"आयनं खोबरं दिलं तवा तू हात असेच मागं नेलेस. दात दुखतो म्हनालीस. आनि घटकाभरानं लीलाच्या पुडीतले चने कडाकडा खाल्लेस." आता ती थोडी हसली. "तवा नाय कळलं. तुझी मूठ लागली नाय, तवा कळलं. रोज लागायची."

"मग सरांना सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? त्या बाप्याला? आनि तुझ्या घरी कळलं असतं तर तुला परत मैदानात सोडली असती?"

"मी तरी कुठे आले परत." मग म्हणून टाकलं, "तुझी चार वर्षं गेली, इंदू. माझ्यामुळे."

काही नाही, जाऊ दे, असं ती म्हणेल असं मला वाटलं होतं. ती तसं म्हणाली नाही.

"गेली," ती म्हणाली. "लय रडले मी. तुझा राग पन आला. वाटलं, येईल ही, एक दिस येऊन बोलंल. तू आलीच नाय." मग दोरा तिनं माझ्या हातात कोंबला आणि उजवं मनगट पुढे केलं. "आली आज. आता बांध."

"पण देवीचा—"

"देवी बाई नाय का?"

मी दोरा घेतला. गाठ मारताना माझी बोटं तिच्या मनगटाला लागू नयेत म्हणून मी नकळत टोकंटोकं धरली होती. इंदूच्या ते लक्षात आलं. खांबाशी उभ्या सरांकडे तिनं एकदा पाहिलं आणि अगदी त्यांच्यासारखं खोकून म्हणाली, "मूठ टेकली पायजे!"

सर चमकून हसले. काय चाललंय ते त्यांना कळलं नाही. कधीच कळलं नाही. पुढच्या वर्षी ते गेले. त्यांना सांगायचं राहिलं ते राहिलंच.

मी तिचं मनगट पूर्ण हातात धरलं आणि घट्ट गाठ मारली. तळवा तसाच होता, खरखरीत.

मग टांगा आला. तिची आई धावत घरात गेली आणि उलथणं घेऊन आली. कुणीतरी म्हणालं, "अगो, तिकडं खड्डे नसतात!" "नसू दे," म्हणत इंदूनं ते पिशवीत खोचलं, दांडा बाहेरच राहिला. टांगा हलला. गावातली पोरं मागे पळत सुटली, धुरळा उडाला. वळणावर टांग्याच्या मागच्या बाजूनं एक हात बाहेर आला, निळी बाही कोपरापर्यंत मागे सरकलेली, तळवा उघडा, आमच्याकडे केलेला. ती मागे बघत नव्हती. मनगटावरचा लाल ठिपका झाडीत शिरेपर्यंत दिसत राहिला.

त्यानंतर आम्ही भेटलो नाही असं नाही. पण मला इंदू आठवते ती तेवढीच, तो हात.

संध्याकाळी घरी आले. पडवीत चटईवर बसले. सासूबाई दारात उभ्या राहिल्या.

"झाली भेट? कुणाला शिवली नाहीस ना गं?"

"शिवले," मी म्हटलं.